तारा पृथ्वीआड असताना पडलेल्या ठोक्यांबाबत

दि. २१ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. दक्षता अधिकारी,
क्ष-किरण खगोल संशोधन मंडळ,
विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर.

विषय : सहकारी श्री. सम्यक दाभाडे केंद्रातून बाहेर न आल्याबाबत व मजवर होत असलेल्या सहीच्या सक्तीबाबत.
संदर्भ : मला मिळालेला दि. २० चा कार्यालयीन आदेश.

महोदय,

मी आपल्या मंडळाच्या करमाड येथील केंद्रात सात वर्षांपासून डेटा विश्लेषक आहे. उपग्रहाने टिपलेली क्ष-किरणांची निरीक्षणे तपासणे हे माझे काम. विनंतीपूर्वक कळविते की,

१. आम्ही निरीक्षण करीत असलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सहाशेहून जास्त गिरक्या घेतो व प्रत्येक गिरकीचा ठोका, म्हणजे क्ष-किरणांचा क्षणिक झोत, निरीक्षणांत सापडला, असे प्रकल्पप्रमुख डॉ. बद्रीनाथ तौर यांनी जाहीर केले आहे. केंद्राचे पुढचे सर्व काम त्यावर उभे आहे.

२. उपग्रहाच्या प्रत्येक फेरीत सुमारे अर्धा तास पृथ्वी मध्ये येते व तारा झाकला जातो. त्या वेळात त्याचा एकही किरण उपग्रहापर्यंत पोचू शकत नाही. श्री. दाभाडे यांना त्या अर्ध्या तासातही ठोके आढळले, आणि तितकेच ठळक. त्यांनी मला पडद्यापाशी बोलावले. "ताई, तारा झाकलाय अन् ठोके चालूच. हे वरून आलेलं नाय. इथंच कुणीतरी घातलंय." मी स्वतः तीन वेळा पडताळले. त्यांचे म्हणणे खरे होते.

३. दि. ६ रोजी त्यांनी हे लेखी कळवले. डॉ. तौर यांनी आम्हा दोघांना बोलावले. ते रागावले नाहीत. चहा मागवून म्हणाले, "तारा आहे तिथंच राहणार आहे, दाभाडे. तुम्ही कुठं राहणार ते बघा."

४. दि. ११ रोजी सकाळी अकराला श्री. दाभाडे यांना तळघरातील संगणक कक्षात बोलावण्यात आले. फाटकावरील नोंदवहीत ते १०.१० ला आत आल्याची नोंद आहे, बाहेर गेल्याची नाही. मी त्या पानाचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी ते पान वहीत नव्हते. त्यांची मोटारसायकल अजून शेडमध्ये उभी आहे, हेल्मेट आरशाला अडकवलेले, जेवणाचा डबा हँडलला.

५. त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई रोज मुकुंदवाडीहून येतात व फाटकाबाहेर बसतात. त्यांनी पोलिसांत नोंद केली आहे. पहारेकरी त्यांना "सुट्टीवर गेलाय" एवढेच सांगतो. काल त्यांनी मला विचारले, "बाई, सुट्टीवर गेलेला माणूस डबा इथंच ठेवून जातो का?"

६. दि. १३ च्या तारखेचे, निष्कर्ष मागे घेत असल्याचे श्री. दाभाडे यांचे पत्र आता फाइलला लागले आहे. ते सही करताना आईचे नाव मध्ये लिहीत, 'सम्यक द्वारकाबाई दाभाडे'. या पत्रावरील सहीत आईचे नाव नाही.

७. संदर्भीय आदेशानुसार मला सोमवार दि. २४ रोजी अकराला त्याच कक्षात, फोन फाटकावर जमा करून, एकटीने येऊन ते ठोके खरे असल्याच्या दाखल्यावर सही करावयाची आहे. मी ती करणार नाही. तरी सोमवारपूर्वी आपण समक्ष येऊन तो कक्ष उघडून पाहावा. आजच्या तारखेनंतर माझ्या नावाची सही कोणत्याही कागदावर आढळल्यास ती माझी समजू नये.

आपल्या तातडीच्या कार्यवाहीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
दीपमाला अंभोरे
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

सोबत : नोंदवहीच्या पानाचा फोटो, झाकलेल्या अर्ध्या तासाचा आलेख, आदेशाची प्रत.

ता. क. : याच विषयावर दि. १८ रोजी मी आपणांस अर्ज दिला होता. तो 'अभिप्रायासाठी' डॉ. तौर यांच्याकडे पाठवल्याचे आपल्या आवक लिपिकांनी आत्ताच सांगितले. म्हणून हा अर्ज लिपिकांकडे न देता मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून आहे. कृपया मला आत बोलवावे.