संशयिताला तोडावे

७ नोव्हेंबर २००५, सोमवार
काल बोलणे पुन्हा तुटले. राजोडीच्या तेरेसा मावशी चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आमच्या सायबर कॅफेत आल्या. कुवेतहून त्यांचा मुलगा पॉल स्क्रीनवर आला आणि 'मम्मी' म्हणता म्हणता तोंड उघडे ठेवून गोठला. मावशी बराच वेळ त्या उघड्या तोंडाशी बोलत होत्या.
मालक ॲन्सेल्म अंकल मला म्हणाले, "संग्राम, येत्या रविवारी पॉल बाळ दाखवणार आहे. म्हातारीचं पहिलं नातवंड. तेव्हा तुटलं तर काउंटरवर तू नाहीस."
म्हणजे नाही तुटले तर ते विरारला काढणार आहेत त्या नव्या कॅफेचा मॅनेजर मीच. तसे ते बोलले नाहीत. पण चष्मा पुसताना माझ्याकडे पाहिले.
कोणीतरी आमची इंटरनेटची लाइन खात आहे. निश्चय : चोर पकडणे.

८ नोव्हेंबर
वसईच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मित्राकडून एका प्रोग्रामची सीडी मिळाली. (तो कोर्स मी अर्ध्यावर सोडला. सरांना माझ्या शंका झेपत नव्हत्या.) स्वतःला सांभाळणारे नेटवर्क! त्याला हे कर, ते कर असे सांगायचे नाही. आपल्याला सेवेतून काय हवे, तो हेतू फक्त लिहून द्यायचा. कोणाला लाइन द्यायची, कोणाची कापायची, ते नेटवर्क स्वतः ठरवते.
अंकलना हेतू विचारला. ते पावाबरोबर सुके बोंबील खात होते. म्हणाले, "रविवारी मिस्सेनंतर आलेल्या माणसाचं बोलणं तुटू नये. बस."
इतके ढोबळ वाक्य मशीनला कसे द्यायचे? त्यात चोराचा उल्लेखच नाही. मीच लिहीन.

९ नोव्हेंबर
हेतू लिहिला. आधी मराठीत, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजीत. एकही स्पेलिंग चुकलेले नाही.
पहिलेच कलम : संशयिताला ताबडतोब तोडावे. संशयित कोण, तेही स्पष्ट केले. जो सकाळी बसला की रात्रीपर्यंत उठत नाही, जो दुसऱ्यांच्या मशीनमध्ये डोकावतो आणि जो एकटाच सगळ्यांहून जास्त लाइन खातो.
अंकलचे वाक्य अगदी शेवटी घातले. त्यांना बरे वाटावे म्हणून.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
पाळत सुरू. काउंटरच्या मशीन नंबर एकवर सगळ्यांच्या स्क्रीन उघडून ठेवल्या आहेत. लाइनचा वेग मोजण्यासाठी गेल्या महिन्यापासून नेटवरून एक भलीमोठी फाइल सतत उतरवत असतो, आजपासून दोन.
वेग आणखी घटला. चोर सावध झालेला दिसतो.
ज्ञानदा नावाची बी.कॉम. झालेली मुलगी रोज नोकरीचे अर्ज टाइप करायला येते. तिने विचारले, "दादा, तुम्ही सारखे माझ्या स्क्रीनमध्ये काय बघता? आणि ह्या एवढ्या मोठ्या फाइली कशाला उतरवताय?" जिला काही लपवायचे नाही, ती असे प्रश्न विचारेल का?

११ नोव्हेंबर
मुख्य संशय आता अल्पेशवर. शेजारी त्याचा एसटीडी बूथ आहे. आमच्यामुळे त्याचा धंदा बसला. आज दारात येऊन म्हणाला, "काय संग्राम, बरंय ना?" उगाच कोणी असे विचारत नाही.
बूथच्या मागे एक तार दिसली. तिचा माग काढत गेलो. शेवटी चादर वाळत होती. अल्पेश वरून ओरडला, "अरे, बायकोची तार आहे ती! इंटरनेट ओलं असेल तर पिळून घे!"
विषय बदलण्याची त्याची पद्धत लक्षात ठेवली.

१२ नोव्हेंबर
प्रोग्राम विचारतो, हेतू आधी चालवून पाहायचा का? नको. चोराला सुगावा लागेल. उद्या सकाळपासून थेट लागू.

१३ नोव्हेंबर, रविवार
तेरेसा मावशी, त्यांचे यजमान पास्कल अंकल, मुलगी मेलिसा, सगळे आले. एसी असल्यामुळे चपला बाहेर काढतात; दारात ढीग झाला. पॉल स्पष्ट दिसला. पांढऱ्या दुपट्यातले बाळ कॅमेऱ्याजवळ आणले. मावशी पुढे वाकून म्हणाल्या, "नाक कोनासारखं..."
आणि बंद. सगळ्या मशीनवर बंद.
माझ्या स्क्रीनवर एक चौकट आली. ॲन्सेल्म अंकलनी ती चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचतात तशी मोठ्याने वाचली : संशयित सापडला, तोडला आहे. मशीन नंबर एक, काउंटर.
सगळी लाइन काउंटरमधूनच पुढे जाते.
मावशी एवढेच म्हणाल्या, "नाक तरी बगू द्यायचं होतंस, बाला." मग अल्पेशच्या बूथवर गेल्या. तिथून फोनवर बाळाचे रडणे ऐकून आल्या.
फायदा कोणाचा झाला? अल्पेशचा. विचार करण्यासारखे आहे.

१४ नोव्हेंबर
अंकलनी माझी सर्व कलमे पुसायला लावली. ज्ञानदाने त्यांचे एकच वाक्य ठेवले आणि माझ्या दोन्ही फाइली थांबवल्या. लाइन एकदम पळू लागली. योगायोग. चोर घाबरला असणार.
काउंटरवर उद्यापासून ज्ञानदा. मला दार. अंकल म्हणाले, "तुझी नजर बारीक आहे. चपला सांभाळ."
सुरक्षा विभागच म्हणायचा.

२० नोव्हेंबर, रविवार
बोलणे एकदाही तुटले नाही. नाक मेलिसावर गेले आहे. मला ते बाहेर स्टुलावर कळले.
निघताना पास्कल अंकलच्या तपकिरी सँडल गायब! मी तडक अल्पेशच्या बूथमध्ये शिरलो. काउंटरखाली, कपाटामागे, सगळे धुंडाळले. गर्दी जमली. अल्पेश हात जोडून म्हणाला, "बाबा, माझे पाय तरी बघ, मी अनवाणी आहे!" पास्कल अंकलही अनवाणीच रिक्षात बसले.
घरी आईने विचारले, "ह्या कोणाच्या घालून आलास?"
पाहिले. तपकिरी. माझ्यापेक्षा एक नंबर मोठ्या.
अल्पेशने बदलल्या असाव्यात.