उकंडाची माती

पळसकुंड, ता. घाटंजी
४ सप्टेंबर २००६

ती. सुहासिनीताईस,
सा. न. आणि प्रभूमध्ये सलाम.

आपला उकंडा परवा गेला. कावीळ अंगात मुरली होती, यवतमाळला नेईपर्यंत उशीर झाला. लहानपणी माझ्या ताटातली तुझ्या हातची भाकर ओढून खाणारा, पुढे आमच्या मंडळीत वीस वर्षं उपदेशक राहिलेला. असा मित्र मला दुसरा नव्हता.

काल माती झाली. चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी त्याला विश्वासू सेवक म्हटलं. मी पेटीला खांदा द्यायला पुढे झालो, तर मंडळीतली मोतीबाई आडवी आली. सगळ्यांदेखत म्हणाली, तुमी हात नोका लावू, नानाजी. मी मागे सरलो. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी मनाची समजूत घालतो आहे.

तुझी साखर कशी आहे? येणं जमलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पत्र टाकत जा, तेवढाच आधार.

तुझा,
नानाजी


उमरखेड
९ सप्टेंबर २००६

चि. नानाजीस,
अ. आ.

पत्र वाचून रडले, मग संताप आला. मोतीबाई दुःखात नाही, शुद्धीत बोलली. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं, तेव्हा जीव देणाऱ्याला कबरस्तानात जागा नाही असं तुम्ही पाच पंचांनी ठरवलं. उकंडानं फाटकाचं कुलूप तोडलं, स्वतः खड्डा खणला, स्तोत्र वाचलं. त्याचा हिशेब देव पाहील, आपण कायले पाहायचा, असं तो तुला म्हणाल्याचं तूच मला लिहिलं होतंस. आणि त्याला उपदेशकपदावरून काढायच्या ठरावावर सहीही तूच केलीस.

त्यानंतर तो सायकलनं गावोगाव फिरला. ज्या घरी असं मरण झालं तिथं जायचा, घर कोणत्याही धर्माचं असो. पाणी भरायचा, बैलांना चारा टाकायचा, नुसता बसून राहायचा. या दोन वर्षांत तू एकदा तरी त्याच्या दारी गेलास का? माझ्या साखरेचं नंतर विचार. आधी त्याच्या बायकोकडे, नंदाबाईकडे जा.

रागावली तरी तुझीच,
ताई


पळसकुंड
१८ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
सा. न. आणि सलाम.

रविवारी उपासनेत उभा राहिलो. त्या ठरावावर सही करून मी पाप केलं, असं मोठ्यानं म्हणालो. पाळकसाहेबांनी हातानंच बस म्हणून खुणावलं आणि पुढचं गीत सुरू केलं. बाहेर सगळ्यांनी चहा घेतला. पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या.

तिथून नंदाबाईकडे गेलो, माफी मागितली. ती शेंगा निवडत होती, हातातल्या सुपात टाकल्या. मग म्हणाली, रोज सकाळी प्रार्थनेत ते पहिलं तुमचंच नाव घेत. मले राग ये. काहून घेता म्हणलं तर म्हणत, दोस्त हाय माझा, त्याले झोप लागत नसंल.

मी निर्लज्जासारखं विचारलं, आता तुम्ही घ्याल का माझं नाव? ती म्हणाली, मी नाई घेणार, भाऊ. तेवढं मन त्यायचं होतं, माझं नाई. तुमचं तुमीच घ्या.

आज पहाटे गुडघे टेकले. आधी उकंडाचं नाव घेतलं. ताई, माझ्या नावापर्यंत पोचलोच नाही.

लोभ ठेव असं म्हणवत नाही, तरी म्हणतो.

तुझा,
नानाजी