बत्तिसावं पान

४ नोव्हेंबर

झालं! आता माझ्याही घरात सुपरहिरो आले.

भाचीचं काम. धाकट्या भावाची मुलगी — त्या घरातून माझ्याशी बोलणारी ती एकटीच. "आत्या, या अ‍ॅपमध्ये फक्त सुपरहिरोंच्या मालिका आणि कॉमिक्स. दुसरं काहीसुद्धा नाही. वर्गणी मी भरते, घरातले सगळे बघतात. तुझंही प्रोफाइल केलंय." मी म्हटलं, अगं, एकसष्टाव्या वर्षी मी उडणारी माणसं बघत बसू? तर म्हणाली, "कॉमिक्स वाचून चष्मा लागला, असं तूच सांगायचीस ना? मग आता चष्मा वसूल कर!"

टॅब्लेटही तिनंच दिलेला. उघडला की चार गोल चेहरे येतात, चौघांनाही मुखवटे. खाली नावं — मी, आई, बाबा, आत्या.

बाबा म्हणजे धाकटा. त्याचा मुखवटा राखाडी, माझा निळसर. शेजारी शेजारी. नऊ वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एका रांगेत आलो.

६ नोव्हेंबर

दवाखान्यात गर्दी. माझं टेबल, माझं रजिस्टर आणि भिंतीवरचा तो दोन फुटी प्लास्टिकचा दात — सकाळी नऊ ते एक एवढंच माझं जग. आज एक दांडगा गृहस्थ खुर्चीतून उठून थेट जिन्यापर्यंत पळाला. मीच हाताला धरून परत आणला.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी सध्या सुपरहिरो बघतेय. हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "त्यांचे दात बघा हो. एवढ्या मारामाऱ्या, पण एकाचाही पडलेला नाही!"

घरी येईपर्यंत हसत होते. कुलूप उघडलं आणि सांगायला कोणी नाही. म्हणून इथे लिहिलं.

८ नोव्हेंबर

मालिकांत मन रमत नाही. फार आदळआपट. शहर वाचवतात म्हणे, पण निम्मं शहर हेच पाडतात! एक मात्र पटलं. काम आटोपून सुपरहिरो घरी येतो, मुखवटा खुंटीला अडकवतो आणि खिडकीत उभा राहतो. जेवलास का, असं विचारणारं कोणी नाही. हे त्यांनी अगदी बरोबर दाखवलंय.

मग खाली सरकवत गेले तर 'जुनी कॉमिक्स' असा एक कप्पा. आणि त्यात — राखाडी पाहुणा!! सगळे अंक. तीच वाकडी टोपी, तोच लांब कोट, चेहऱ्यावर तीच पट्टी. माझ्या तोंडून चक्क "अय्या!" निघालं. किती वर्षांनी.

पहिला अंक काढला. बत्तीस पानं. वाचत वाचत एकतिसाव्या पानाशी आले आणि बोट आपोआप थांबलं. पुढे जाईचना. टॅब्लेट तसाच मिटून ठेवला.

आमचा नियमच होता तसा. अंक एक, वाचणारे दोघं. मी दोन वर्षांनी मोठी, पण ओढाओढीत धाकटा कमी नव्हता. एकदा अंक मधोमध फाटला, दोघांनाही मार बसला, आणि मग मागच्या पायरीवर बसून आम्ही तह केला — ज्याच्या हाती अंक आधी येईल त्यानं एकतीस पानं वाचायची. बत्तिसावं एकट्यानं उलटायचं नाही. दुसऱ्याचं वाचून होईपर्यंत थांबायचं. मग पायरीवर बसून एक, दोन, तीन म्हणून दोघांनी मिळून पान उलटायचं.

कधी कोणी नियम मोडला नाही. तापात फणफणत असतानासुद्धा तो तीन दिवस थांबला होता.

९ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. चाळिसावा अंक.

तो शेवटचा. त्यात पाहुणा पट्टी काढणार होता! मी तो नीतिशिक्षणाच्या पुस्तकात घालून कॉन्व्हेंट शाळेत नेला आणि प्रार्थनेच्या वेळी सिस्टरनं पकडलं. काय त्यांचे ते थंडगार हात! "ही घाण देवाच्या घरात?" अंक गेला तो गेला. मी एकतीस पानं वाचली होती. धाकट्यानं तर एकही नाही. वाटलं, आता रडून घर डोक्यावर घेईल. तर म्हणाला, "तायडे, जाऊ दे. त्याचा चेहरा आपणच ठरवू." कितीतरी दिवस आम्ही रोज नवा चेहरा ठरवत होतो. कधी पोस्टमन, कधी आमचे गणिताचे सर. एकदा तर खुद्द सिस्टर!

१२ नोव्हेंबर

हातून काय होऊन बसलं हे!

दुपारी चष्मा न लावताच टॅब्लेट उघडला. सातवा अंक दिसला, एकतिसाव्या पानावर थांबलेला. मी कधी वाचला हा? म्हणून बोट लावलं, आणि पान उलटलं. मी डोळे मिटले. शपथ, मिटले! पण खाली हिरवी खूण उमटून गेली — 'वाचून पूर्ण'.

चष्मा लावून बघते तर वर नाव 'बाबा'. राखाडी आणि निळसर यात माझा गोंधळ झाला होता.

आणि मग ते दिसलं. धाकट्यानं चौदा अंक वाचलेत. प्रत्येकाखाली एकच — बत्तीसपैकी एकतीस. बत्तीसपैकी एकतीस. चौदा वेळा. आता तेरा.

हिरवी खूण पुसता येते का, ते त्यांच्या मदतकक्षात लिहून विचारलं. यंत्राचं उत्तर आलं, "अभिनंदन! वाचनाचा आनंद घेत राहा."

१३ नोव्हेंबर

पुन्हा बघितलं. मुद्दाम, चष्मा लावून.

सातवा अंक परत एकतिसाव्या पानावर. हिरवी खूण गेली.

१४ नोव्हेंबर

भाचीला फोन केला. आडून विचारलं, घरी सगळे काय काय बघतात? म्हणाली, "बाबांचं काही विचारू नकोस. सकाळी चहा घेऊन बसतात, जुनी कॉमिक्स वाचतात आणि शेवटचं पान सोडून देतात. आईनं विचारलं, शेवट का वाचत नाही हो? तर म्हणे डोळे दुखतात. एकाच पानासाठी दुखतात!" आणि हसली. मीही हसले.

मग सहजच बोलून गेली, "परवा मात्र चिडले होते. माझ्या अंकांना कोणी हात लावला म्हणून. आम्ही दोघींनी कानांवर हात ठेवले." मग म्हणाली, "आत्या, फोन का नाही करत तू?"

दाराची बेल वाजल्याचं सांगून फोन ठेवला. बेल वाजली नव्हती.

१७ नोव्हेंबर

वाईट सवय लागली. दवाखान्यातून आले की आधी त्याचं प्रोफाइल. आज सोळावा अंक वाचला, एकतिसाव्या पानापर्यंत. कालपासून पंधरावा बाविसाव्या पानावर अडकून होता तर माझा जीव टांगणीला. बरं नसेल का त्याला? आज दोन्ही पुढे सरकलेले दिसले तेव्हा कुठे भाजीचा घास गिळला.

सख्ख्या भावाची खुशाली मी अशी जाणून घेते. पानं मोजून.

१८ नोव्हेंबर

बघितलं नाही.

१९ नोव्हेंबर

बघितलं.

२१ नोव्हेंबर

आज पडद्यावर वरच एक पट्टी. 'जुनी कॉमिक्स' हा कप्पा तीस तारखेनंतर बंद! हक्क की काय ते संपले. म्हणजे पाहुणा जाणार.

त्याच्या यादीत बघितलं. वीस अंक झालेत. एकविसाव्यापासून पुढचा एकही उघडलेला नाही. चाळिसावा तर कोराच.

माझ्याही यादीत तो कोराच आहे. एकटीनं उघडायचा धीर होत नाही.

२४ नोव्हेंबर

रविवार. कपाट आवरायला काढलं आणि आईची शाल हातात आली. आज लिहूनच टाकते. हे पान कोण वाचणार आहे!

आई गेली त्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते — आजचा दिवस, फार तर रात्र. मी धाकट्याला फोन केला. तो दुपारच्या गाडीनं निघायच्या तयारीतच होता. मी म्हणाले, "घाई करू नकोस. बरी आहे ती. उद्या सावकाश ये."

हे मी म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नाही.

पंधरा वर्षं मी आईजवळ. तिची औषधं, तिचं अंग पुसणं, तिचे केस. आणि तिच्या तोंडी सदा धाकटा. त्याला हे आवडतं, तो असता तर ते केलं असतं. वर्षातून दोनदा यायचा तर घरात दिवाळी असल्यासारखं कौतुक! मला एक दिवस हवा होता. एकच. माझी एकटीची आई.

दिवसभर बसून होते. फक्त एकदा वीस मिनिटं खाली औषधं आणायला गेले. परत आले तेव्हा नर्स तिची उशी सारखी करत होती आणि आई शांत पडलेली. नंतर बोलली नाही. माझा हात मात्र सोडला नाही. सहाच्या सुमारास गेली.

धाकटा दुसऱ्या दिवशी आला. रडला नाही. सगळं आटोपल्यावर दारात चपला घालताना म्हणाला, "शेवटचं पान तू एकटीनंच उलटलंस, तायडे."

त्यानंतर नऊ वर्षं. त्याला कळलंय, हे मी त्याच क्षणी ओळखलं. कोणत्या तोंडानं फोन करू?

२६ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं लक्ष कुठाय? दाढ काढायच्या माणसाला तुम्ही दात साफ करायच्या वेळेला बोलावलंत. तो खूश होऊन बसलाय बिचारा!" दोघी हसलो. मग त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाल्या, चहा घ्या.

त्याला निरोप लिहिला. 'पाहुणा तीस तारखेला जाणार आहे.' पुसला. 'कसा आहेस?' पुसला. 'मी खोटं बोलले होते.' हाही पुसला.

२७ नोव्हेंबर

त्याच्याकडे काही हललेलं नाही. वीसवरच थांबला आहे.

२८ नोव्हेंबर

आजही नाही. दवाखान्यातून येताना पायात वेगवेगळ्या चपला आहेत, हे घराशी आल्यावर कळलं. एक माझी, एक डॉक्टरीणबाईंची!

२९ नोव्हेंबर

चपला बदलून घरी आले. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून माझंच प्रोफाइल उघडलं. चष्मा लावून, नाव वाचून — आत्या.

वरच्या ओळीत दोन अंक. पहिला, माझाच, एकतीसवर थांबलेला. आणि त्याच्या शेजारी चाळिसावा.

बत्तीसपैकी एकतीस.

मी तो उघडलेला नाही. देवाशपथ नाही. दोनदा, तीनदा वर नाव वाचलं.

त्यानं माझ्या प्रोफाइलमध्ये येऊन वाचलाय. अंक आधी त्याच्या हाती आला, त्यानं एकतीस पानं वाचली, आणि आता तो पायरीवर बसलाय.

माझी एकतीस पानं तर सिस्टरनं अंक नेला तेव्हाच वाचून झाली होती.

३० नोव्हेंबर

सकाळी साडेसातला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. चहाच्या कपाचा आवाज आला.

आधी ते सांगितलं. सगळं, एका दमात. डॉक्टर सकाळीच काय म्हणाले होते ते, आणि मला एकटीला आई हवी होती तेही.

कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "तू फोनवर काहीही म्हणालीस तरी मी निघणारच होतो, तायडे. बॅग दारात होती. दुपारी आईचा फोन आला. नर्सनं लावून दिला होता, तू खाली औषधं आणायला गेली होतीस. म्हणाली, आज येऊ नकोस रे. आज मला हिच्याजवळच राहू दे."

मी आईची शाल मांडीवर ओढली.

"नऊ वर्षं मी त्याच रागात होतो. तिनं तुला निवडलं म्हणून."

रडत असावा. मला काही दिसत नव्हतं, चष्मा पुसून पुसून.

"तायडे, टॅब्लेट समोर आहे ना?"

"आहे."

"एक," तो म्हणाला.

मी म्हटलं, दोन.