रुंद पॅडलं

तीर्थरूप बाबा,
लांबूनच पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. पार्सलं पोचवायचं काम चालू आहे. इथे आम्ही सगळे बूट पॅडलला अडकवून सायकल चालवतो. वेग मिळतो, पण सिग्नलला दर वेळी टाच वळवून बूट सोडवायचा कंटाळा येतो, म्हणून लाल दिवा असला तरी निघून जायचं. मीही जायचो. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी आणि मला काम शिकवणारा मिशीवाला बरोबरच सिग्नलला आलो. माझा बूट चुकून सुटला, म्हणून मी थांबलो. तो थांबला नाही. बाजूने ट्रक आला आणि तो जागीच वारला. त्याचा एक बूट पॅडललाच होता. मीच तो सोडवला आणि त्याच्या बायकोला नेऊन दिला.

आता मी साधी, रुंद पॅडलं बसवली आहेत, बूट न अडकणारी. साहेब म्हणतो, म्हातारा झालास. म्हणू दे.

आईला यातलं काही सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

लहानपणी सायकलमागे पळताना तुम्ही ओरडायचात, “आधी पाय टेक.” आता टेकवतो, बाबा. दिवा हिरवा झाला तरी लवकर उचलवत नाही.

तुमचाच,
धाकटा