करवतीच्या वेळी दाखवलेलं घर

६ जानेवारी

आज एक घर पाहिलं आणि चित्त थाऱ्यावर नाही! इतकी वर्षं लोकांना घरं दाखवतेय, असं कधी झालं नव्हतं. टेलरमास्तरांचं घर. तळमजला, तीन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं — ओट्याशी उभं राहून कोण आलं ते कळतं. मास्तर आता एकटेच. हे विकून लेकीच्या शेजारच्या नव्या इमारतीत लहानसं घर घ्यायचंय त्यांना.

मनात धरलेला भाव सांगून म्हणाले, "एवढाच मागू, की जास्त?" मी सवयीनं सांगून टाकलं, "घाई करू नका. भाव चढताहेत. चढाच आकडा लावा."

परत येताना मनात हिशेब केला. त्यांनी आधी धरलेल्या भावात मला परवडलं असतं. माझ्याच तोंडानं घालवलं!

११ जानेवारी

वहिनीला सांगितलं. "मग विचारा ना त्यांना, ताई!" म्हटलं, अगं, विकायला हातात आलेलं घर एजंटनं स्वतः घ्यायचं नसतं. भाव पाडून घेतलं म्हणतात लोक. धंद्यात एकदा नाव गेलं की गेलं. "पण नुसतं विचारायला काय जातं?" — काय जातं म्हणे! तिला काय कळतंय यातलं.

भाऊ-वहिनींनी मला कधी एका शब्दानं दुखवलेलं नाही. तरी माझं दही फ्रीजमध्ये कुठे ठेवू, हे मी अजून विचारते. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं — या घरात सगळे ताडमाड, मी एकटीच बुटकी. मला माझं घर हवंय. लिहून टाकलं एकदाचं.

२ फेब्रुवारी

मास्तरांकडे पहिलं गिऱ्हाईक नेलं. दुपारी चारला. शेजारी सुताराचा कारखाना आहे, चारला करवत सुरू झाली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे मला ठाऊक आहे. सकाळी ऊन थेट शिलाई मशीनवर येतं आणि सगळं घर हसतं, हेही ठाऊक आहे. नवशिक्या एजंटलाही वेळ कशी साधायची ते मीच शिकवते. तरी चार!

"विसरले" असं इथे तरी लिहिणार नाही.

१९ फेब्रुवारी

आणखी एक जोडपं. चारलाच. नवरा कानात बोटं घालून तिन्ही खोल्या फिरला. बायकोनं काय विचारलं ते देवाला ठाऊक.

ती दोघं गेल्यावर मास्तरांनी चहा केला. म्हणाले, "घर पण कपड्यासारखंच, अंगाला बसावं लागतं. या मंडळींना बसलं नसतं." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला बघा कसं मापात बसतं!" शिंपी तो शिंपीच, येईल त्याचं माप घेतो. मी हसण्यावारी नेलं. चहा मात्र दोन कप झाला.

८ मार्च

मास्तरांनी स्वयंपाकघरातली डब्यांची फळी खाली आणलीय! शेजारच्या सुताराकडून. मी चिडलेच — घर विकायला काढलंय आणि आता कसली डागडुजी? "असू द्या हो, राहणाऱ्याची सोय."

टाचा न उचलता वरचा डबा हाताला आला. उगीचच दोनदा काढून ठेवला.

९ मार्च

स्वप्नात फाटक वाजलं. खिडकीतून "आले, आले" म्हणणारी मीच होते.

२७ मार्च

मास्तरांच्या लेकीचा फोन. "ताई, इकडच्या बिल्डरनं पुन्हा भाव वाढवला हो. सगळीकडे घरं हातोहात जाताहेत म्हणतात, मग बाबांचंच का अडलंय?" जगाला मी काय सांगते? चढत्या बाजारात विकणं आणि घेणं हातात हात घालून झालं पाहिजे, एक झालं आणि दुसरं राहिलं की माणूस लटकला. आणि मास्तरांना मीच लटकवून ठेवलंय! माझं घर नसलेलं घर जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी गेले. मास्तर म्हणाले, "किंमत उतरवू का? तुम्ही म्हणाल तो आकडा. बोला." बोला म्हणून माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या ऐपतीचा आकडा अगदी जिभेवर होता. गिळला. म्हटलं, "एक पैसा उतरवू नका. रविवारी सकाळी माणसं आणते."

त्यांनी मशीनवर कापड झाकलं. मग "बरं" एवढंच.

३० मार्च

सकाळचं ऊन. करवत बंद. उंचपुरं जोडपं, दोघं नोकरीवाले. बाई ओट्याशी गेली आणि ओरडली, "अहो, इथून फाटक दिसतं!" तिथेच ठरलं. मागितलेल्या किमतीला.

मी सगळ्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन मोरीत नळ सोडला आणि पोटभर रडले.

२२ एप्रिल

मास्तर नव्या घरी राहायला गेले. इकडचं विकणं, तिकडचं घेणं, दोन्ही एकाच आठवड्यात पार पाडलं — कामात तरी कसूर ठेवली नाही. चावी माझ्या हातात देताना म्हणाले, "तुम्ही काही बोललाच नाहीत शेवटपर्यंत." कशाबद्दल, विचारलं. "राहू द्या आता."

बरं वाटत नव्हतं बहुतेक त्यांना. निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

५ मे

नव्या मालकीणबाईंची तक्रार — फळी डोक्याला लागते. शेजारच्याच सुताराला घेऊन गेले. तो फळीकडे बघून हसला. "लागणारच! माप तुमचं आहे, बाई. मास्तर म्हणाले, एजंटबाईंचा हात पोचला पाहिजे, घर त्याच घेणार. जुन्या भावातच देईन म्हणत होते. फक्त त्यांनी एकदा तोंडानं मागावं, मी आपणहून दिलं तर दया केली असं वाटेल त्यांना."

फळी वर चढली. खालून धरायला मीच होते.