दोनशे चौदावी ओळ

मंगळवार, ११ जून

प्रिय दादा,

तुझं बोट आता वळतं का? वहिनी म्हणाली, रंधा धरतोस पण चहाचा कप अजून डाव्या हातानेच उचलतोस. सुताराचा उजवा हात आहे, जपून राहा. मी ठीक आहे. खुर्ची खिडकीपासून हलवली, उन्हात पडद्यावरचे आकडे दिसेनात. बाकी तेच. सकाळी नऊला बसते आणि दिवसभर घरात कुणाचा आवाज नाही.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू थट्टा करतोस आणि मी खोटं बोलून मोकळी होते. गेल्या आठवड्यात तू बँकेची, घराचं सगळं कर्ज एकदम भरा अशी नोटीस वाचून दाखवलीस, तेव्हा मी म्हणाले, "त्यांचाच काहीतरी घोळ असेल." तू म्हणालास, "अगं, तू असताना मला कसली भीती." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. घरासाठी घेतलेलं कुणाचं कर्ज बुडेल, कुणाला आधीच नोटीस धाडायची, हे ठरवणारं भलंमोठं गणित बँका आमच्या कंपनीकडून तपासून घेतात. गणित दुसराच कुणी मांडतो. मी घरी बसून एकेक रकाना उघडते, त्यात सूत्र आहे की कुणी हाताने आकडा टाकलाय ते बघते आणि शेवटी ‘तपासले’ अशी खूण करते. त्या खुणेचाच मला पगार मिळतो.

फेब्रुवारीत एक फाइल आली. तिच्यात काही रकाने मिटवून, म्हणजे पडद्यावर दिसणार नाहीत असे दुमडून ठेवले होते. मिटवलेलं सगळं आधी उघडायचं, हा आमचा पहिला नियम. मी उघडलं नाही. मुदत संपत आली होती, मांडणारा माणूस हुशार होता, मला कंटाळा आला होता. कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं एकही धड नाही. मी खूण करून टाकली.

तुझी नोटीस ऐकल्यावर तीच फाइल परत काढली. मिटवलेल्या एका रकान्यात सूत्राच्या जागी कुणीतरी हाताने शून्य टाकलं होतं. म्हणजे कुणाची कमाई दोन महिने खाली गेली, की ती पुन्हा कधी वर येणारच नाही, असं ते गणित धरून चालतं. अशी चारशे बारा घरं निघाली. यादीत नावं नसतात. पण दोनशे चौदाव्या ओळीत तुझ्या कर्जाचा आकडा आहे, ते घेतल्याची तारीख आहे, आणि तुझं बोट कापल्यावर काम बंद होतं ते दोन महिने आहेत.

साहेबांना लिहिलेला ईमेल चार दिवस तसाच पडून होता. पाठवला तर नोकरी जाईल, आणि आमच्या धंद्यात अशी बातमी माझ्याआधी पुढच्या कंपनीत पोचते. शिवाय ज्यात नात्यातल्या माणसाचं कर्ज आहे त्या फाइलला आम्ही हात लावायचा नसतो. तू यादीत आहेस असं लिहिलं तर म्हणतील, भावासाठी चूक उकरून काढली. नाही लिहिलं तर मीही एक रकाना मिटवलाच की. रोज चेहरा हसरा ठेवून मीटिंगला बसते.

काल वहिनी म्हणाली, गुरुवारी तू घर विकायच्या कागदावर सही करणार आहेस, आणि "धाकटीला उगाच घोर नको" म्हणून मला कळवायचं नाही असं ठरवलंयस.

सही करू नकोस. घर जावं असं तू काहीच केलेलं नाहीस. केलं ते मी.

ईमेल आत्ता पाठवला. पत्र संपवून पाठवणार होते, पण मग धीर झाला नसता. चारशे बारा घरं लिहिली आहेत आणि त्यात माझ्या भावाचं आहे, हेही लिहिलंय. साहेबांचा फोन वाजतोय, मी अजून उचललेला नाही. कुरिअरवाला चारला येईल, उद्या हे तुझ्या हातात पडेल. ते वाचल्याशिवाय तुला दाराबाहेर सोडायचं नाही, असं वहिनीला बजावून ठेवलंय.

लहानपणी चूक दिसू नये म्हणून मी वही फाटेस्तोवर खोडत बसायचे, त्यावरून तू मला नाव ठेवलंस. हे पत्र उजेडात धरून बघ, एक शब्द खोडलेला नाही. फोन पुन्हा वाजतोय. आता उचलते.

तुझीच,
खोडरबर