तत्सम

३ जून
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. खिडकीजवळचं टेबल, नवी खुर्ची, चहाही बरा. साहेब हसून म्हणाले, पावडर बनवणारा एक अणू बदलतो आणि आपल्याला अख्खा अहवाल बदलावा लागतो. माझं काम सोपं आहे. बंदीच्या यादीत नसलेली पावडर यादीतल्या नशेच्या पदार्थासारखीच निघाली, तर शेरा मारायचा, ‘तत्सम’. नव्या कायद्याने तत्सम म्हणजे तोच पदार्थ, शिक्षाही तीच.

दोन वर्षांपूर्वी हा कायदा नव्हता. धाकटा भाऊ निळ्या पावडरीने गेला. यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून विकणारा निर्दोष सुटला, हसत. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

५ जून
निळ्या पावडरीचं पाकीट टेबलावर आलं. विकणारा तोच.
घरी पोहोचले तर दारात एक माणूस. चेहरा हुबेहूब भावाचा, फक्त गालावरचा तीळ उजवीकडे. मला ताईसाहेब म्हणाला. तीळ चुकलाय, असं सांगून मी दार लावलं.

९ जून
पुन्हा आला. तीळ डावीकडे, भावाचा होता तिथेच. या वेळी ताई म्हणाला. मी सुनावलं, माझा भाऊ मला तायडे म्हणायचा.

१० जून
चूक माझीच. नमुना नाकारताना कारण द्यायची सवय, म्हणून त्यालाही काय चुकलं ते सांगत गेले. साहेबांनी बजावलं होतं, बनवणारे आपली कारणं वाचूनच पुढची पावडर बनवतात.

११ जून
तायडे म्हणाला. आवाजही तोच.
म्हणाला, पाकिटावर ‘वेगळी’ लिही, मी जातो. ‘तत्सम’ लिहिलंस तर मीही तोच, तुझा भाऊच. मग दार लावून उपयोग नाही.

१२ जून
लिहिलं. तत्सम. सही, शिक्का. या वेळी विकणारा सुटत नाही. येऊ दे कोण येतंय ते.

संध्याकाळ
कडी लावलेलीच आहे. तरी मागे खुर्ची सरकली—
वळणार नाही. कायद्याने असेल तोच. माझ्या घरात नाही.
चहा टाकलाय. एकच कप, माझा. साखर एक चमचा. भावाला दोन लागायचे, पण ते मी याला सांगणार नाही, फक्त इथे लिहि—